ज्युरीचं नाटक कोल्हापुरात बसवायचं, पण ज्युरी आणायची कुठून?

तिसरी_घंटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचा हौशी ग्रुप आहे, राजारामपुरीत एका मित्राच्या रिकाम्या गाळ्यात तालमी चालतात. यंदा राज्य नाट्य स्पर्धेला ज्युरीच्या खोलीतलं नाटक करायचं डोक्यात आहे. सिडनी ल्युमेटचा १९५७ चा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' पाहिलेल्यांना गोष्ट सांगायला नको. न पाहिलेल्यांसाठी: झोपडपट्टीतल्या पोरावर बापाच्या खुनाचा आरोप, निकाल ठरवायला ज्युरी म्हणून बसवलेले बारा साधे नागरिक एका खोलीत कोंडलेले, अकरा जण म्हणतात दोषी, एकटा म्हणतो जरा बोलूया तरी. मूळ टीव्हीनाट्य १९५४ चं, रेजिनाल्ड रोझ यांचं.

अडचण अशी की आपल्याकडं ज्युरी नाही. १९८६ मध्ये बासू चटर्जींनी हिंदीत केलं तेव्हाही नव्हती, पण त्यांनी बिनधास्त दाखवली आणि लोकांनी बघितली. आमच्यातला एकजण म्हणतो, तसंच रेटायचं. दुसरा म्हणतो, परीक्षकांत एखादा वकील निघाला तर पहिल्या पाच मिनिटांतच पेन खाली ठेवेल.

तर प्रश्न दोन. गोष्ट इथं आणायची की न्यूयॉर्कलाच ठेवायची? आणि आणली तर तो पोरगा कोण दाखवायचा? मुळात तो कुठल्या समाजाचा ते कुठंच सांगितलेलं नाही. नुसतं 'हे लोक', 'यांची वस्ती' एवढंच.

माझं मत, आणावी. परक्या गावातल्या पोराची दया यायला काही लागत नाही. आपल्या गल्लीत आला की कळतं.

पांढरा_रस्सा

बारा कोल्हापूरकर एका खोलीत घालून बाहेरनं कडी लावली तर पहिलं मतदान जेवणाला मटण की चिकन यावर होणार. त्यात एकमत झालं की मग खुनाचं बघू.

गंगावेशकर

रस्सा, एकमत झालं तरी खानावळ कुठली यावर ज्युरी फुटणार.

जुनं दाखवा की. नानावटी खटल्यापर्यंत, म्हणजे मुंबईत नौदल अधिकाऱ्यावर खुनाचा खटला चालला तोपर्यंत, ज्युरी होतीच. तो शेवटचा ज्युरी खटला, त्याच्यानंतर बंद झाली.

काळा_कोट

गंगावेशकर, हे सगळीकडं छापलेलं असतं, पण तसं नाही. ज्युरी काढून टाका अशी शिफारस विधी आयोगानं १९५८ मध्येच केली होती. नानावटींच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या सुटल्या २७ एप्रिल १९५९ ला. त्या खटल्यानंतरही काही ठिकाणी ज्युरी बसतच होती. पूर्ण गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं, म्हणजे १ एप्रिल १९७४ पासून. पारशी विवाहाच्या खटल्यांत प्रतिनिधी बसतात, तेवढा अवशेष अजून आहे.

आणि ज्युरी तेव्हाही सगळ्या देशात नव्हती. सरकार ज्या जिल्ह्याला लागू करेल तिथंच. बाकी सत्र न्यायालयांत असेसर असायचे. ते आपलं मत सांगायचे, न्यायाधीश ऐकून घ्यायचे आणि निकाल स्वतःला पटेल तोच लिहायचे. असेसरही १९५५ च्या दुरुस्तीत गेले.

पांढरा_रस्सा

म्हणजे असेसर आमच्या घरी मीच.

निवृत्त_शिरस्तेदार

काही करा, पण न्यायाधीशाच्या हातात हातोडा देऊ नका. आपल्या कोर्टात हातोडा नसतो. सगळी हयात कोर्टात गेली, एकदाही 'ऑर्डर ऑर्डर' ऐकलं नाही. आणि साक्षीदार गीतेवर हात ठेवतो तेही सिनेमातलं. शपथ तोंडी असते.

प्रॉम्प्टर

धागाकर्ते, गोष्ट इथं आणण्यात खरी अडचण ज्युरी असण्या-नसण्याची नाहीच. नाटक ज्या खिळ्यावर टांगलंय तो खिळा म्हणजे एकमत. तिथं बाराच्या बारा जण एका बाजूला आल्याशिवाय कुणाची सुटका नाही. म्हणून एकटा माणूस अकरा जणांना अडवून धरू शकतो. मॅचची तिकिटं खिशात घेऊन बसलेल्याला घाई आहे, पण जाता येत नाही. सगळा ताण तिथून येतो.

आपल्याकडची ज्युरी तशी नव्हती. सत्र न्यायालयात बहुमत पुरायचं. नानावटी खटल्यात नऊ जण होते आणि कौल आला आठ विरुद्ध एक. त्या एकट्यानं टेबलावर मूठ आपटली असती तरी उरलेले आठ जण शांतपणे उठून बाहेर गेले असते. इंग्लंडातसुद्धा १९६७ पासून दहा विरुद्ध दोन चालतं. म्हणजे १९५९ ची मुंबई दाखवलीत तर तुमचा नायक दहाव्या मिनिटाला हरतो आणि पडदा.

तिसरी_घंटा

प्रॉम्प्टर, हे आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. नऊ पात्रं म्हटल्यावर मी मनातल्या मनात तीन नटांचा चहा वाचवून मोकळा झालो होतो.

मेधा_क

त्या आठ विरुद्ध एकमध्ये आणखी एक गंमत आहे, ती कुणी बोलत नाही. नाटकातला एकटा माणूस म्हणतो, सोडा. नानावटी खटल्यातला एकटा म्हणत होता, दोषी. उरलेल्या आठांनी निर्दोष सांगितलं. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडं पाठवलं. तिथं दोषी, जन्मठेप. सर्वोच्च न्यायालयानंही नोव्हेंबर १९६१ मध्ये तेच कायम केलं. म्हणजे त्या एकट्याचंच मत शेवटपर्यंत टिकलं, आणि त्याच्यावर नाटक मात्र कुणी लिहिलेलं मी पाहिलं नाही.

पूर्वग्रह म्हटलं की आपल्याला फक्त 'हे लोक असेच' म्हणणारा दहा नंबरचा ज्युरर दिसतो. पण आरोपी नौदलाचा अधिकारी, देखणा, गणवेशातला, घरंदाज, वर्तमानपत्रं त्याच्या बाजूनं, हाही पूर्वग्रहच. फक्त तो सोडायच्या बाजूचा. त्या झोपडपट्टीतल्या पोरासाठी एकाला इतकं झगडावं लागलं, इथं आठांना काहीच कष्ट पडले नाहीत.

(जाता जाता: बाराही पुरुष ठेवणार आहात का? आमच्या गल्लीत पुराव्याची छाननी फक्त बायकाच करतात.)

शिवाजीपेठी

मला हे सगळं कौतुक कळत नाही. तो पोरगा गुन्हेगार असण्याचीच शक्यता जास्त आहे. चाकू त्याच्यासारखा, भांडण त्याचं, सिनेमाला गेलो म्हणतो आणि सिनेमाचं नाव आठवत नाही, समोरची बाई म्हणते बघितलं, खालचा म्हातारा म्हणतो ऐकलं. एकेक गोष्ट सुटी काढून फोडली की फुटतेच. सगळ्या एकत्र ठेवून बघा की. आणि आठ नंबरवाला गुपचूप त्या वस्तीत जाऊन तसलाच चाकू विकत आणतो, हे ज्युरीला चालतं का?

पेपरात रोज वाचतो, 'संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता'. ज्याचं माणूस गेलं त्याला कसला फायदा?

काळा_कोट

शिवाजीपेठी, चाकूचं बरोबर आहे. ज्युरीनं कोर्टासमोर आलेल्या पुराव्यावरच बोलायचं असतं. असा चाकू खऱ्या खटल्यात निघाला तर सगळी ज्युरी बरखास्त होऊन खटला पहिल्यापासून चालवायची वेळ यायची. नाटकाला तो क्षण हवा होता म्हणून घेतलाय. टेबलात रुतवलेले दोन सारखे चाकू बघून थिएटर गप्प होतं, तिथं कायदा कोण बघतोय.

सगळं एकत्र ठेवायचं हेही खरं, पण कसं ते आपल्याच राज्यातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र, १९८४, प्रकरण पुण्याचं. नुसत्या परिस्थितीवरून दोषी धरायचं तर प्रत्येक परिस्थिती आधी स्वतंत्रपणे सिद्ध झाली पाहिजे, त्यांची साखळी अखंड पाहिजे आणि आरोपी निर्दोष असू शकेल असा कुठलाच वाजवी अर्थ त्यातून निघता कामा नये. चार कच्च्या कड्या एकत्र ठेवून एक पक्की होत नाही.

तुमच्या बाजूचंही सांगतो. शिवाजी साहबराव बोबडे खटल्यात, १९७३ ला, न्या. कृष्णा अय्यर यांनी बजावलं होतं की संशयाच्या फायद्याची भक्ती अती झाली तर गुन्हेगार सुटतील आणि लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडेल. त्याच निकालात हेही आहे की 'गुन्हेगार असेल' आणि 'गुन्हेगार असलाच पाहिजे' यात लांबचं अंतर आहे. एकाच हातानं दोन्ही लिहिलंय.

शिवाजीपेठी

ते कागदावर. कोल्हापुरात गावित मायलेकींचं प्रकरण आठवा. लहान पोरं पळवून मारली. २००१ ला इथल्याच सत्र न्यायालयानं बहिणींना फाशी सुनावली. तेव्हा कोल्हापुरातले कुठलेही बारा जण बसवले असते तर चहा यायच्या आत निकाल लागला असता, आणि बरोबर लागला असता. शेवटी काय झालं? दयेचा अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिला म्हणून जानेवारी २०२२ ला उच्च न्यायालयानं जन्मठेप केली.

मेधा_क

पण दोषी ठरल्या त्या पुराव्यावर ना? टोळीतलाच एकजण माफीचा साक्षीदार झाला, पुढं वरच्या कोर्टांनीही तपासलं. चहा यायच्या आत लागणारा निकाल कधी बरोबरही लागतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं. पुढच्या वेळी तेच बारा जण, तोच चहा आणि आरोपी दुसराच कुणीतरी असला तर?

खासबाग_कॉर्नर

पुराव्याचा विषय निघालाच आहे तर माझी गोष्ट. मी पंच होतो. ज्युरीतला नाही, पंचनाम्यातला. दुकान उघडं दिसलं म्हणून हवालदारांनी हाक मारली, 'जरा या, सही पाहिजे'. आरोपीनं ओढ्याकडेला झुडपातून कोयता काढून दिला, असा पंचनामा. आता खरं सांगायचं तर मी पोचलो तेव्हा कोयता कागदावर ठेवलेला होता. झुडपातून कुणी काढला ते मी बघितलं नाही. पण सगळ्यांना माहीत होतं की ह्यानंच केलंय, त्यामुळं सही करताना हात काही थरथरला नाही.

काही वर्षांनी समन्स आलं. पिंजऱ्यात उभा राहिलो. बचावाचे वकील अगदी गोड बोलत होते. कोयत्याची मूठ लाकडी की लोखंडी? पातं ओलं होतं का? पाकिटाला सील तुमच्यासमोर केलं का? लाख कुठून आणली? आरोपी कुठल्या हातानं वाकला? मी म्हणालो, कोयता मी कागदावरच बघितला. सरकारी वकिलांनी मान खाली घातली. आरोपी सुटला.

घरी आलो तर तालमीच्या कट्ट्यावर सगळे माझ्याकडं बघत होते. 'किती घेतलंस?' असं एकानं विचारलंसुद्धा. मी एक रुपया घेतला नव्हता, उलट दुकान बंद ठेवून गेलो होतो. त्यानं केलं होतं का? मला वाटतं केलं असावं. पण मी जे बघितलं नव्हतं ते बघितलं म्हणून सांगायचं होतं का? शिवाजीपेठी, तुम्ही सांगा.

शिवाजीपेठी

तुम्ही सही करायला नको होती.

खासबाग_कॉर्नर

नाही म्हणून बघा एकदा, दुकानासमोर गाडी उभी असताना.

पालावरचा

वाचत होतो, लिहायचं नव्हतं. दुसऱ्या प्रश्नासाठी लिहितो.

मी पारधी आहे. १८७१ च्या कायद्यानं आमच्यासारख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला कायदा गेला, पण ठाण्यातल्या डोक्यांतून गेला नाही. आजोबा सांगायचे, हजेरी असायची, रात्री माणूस पालावर दिसला नाही तर तोच गुन्हा. शाहू महाराजांनी संस्थानात हजेरी बंद केली, आमच्यातल्या लोकांना कामावर घेतलं, पहाऱ्यावर ठेवलं. ज्यांना सगळे चोर म्हणायचे त्यांच्याच हातात राखण दिली. कोल्हापूरचं नाव आमच्यात वेगळ्या आवाजात घेतात ते यासाठी.

मी शिकायला हॉस्टेलवर होतो तेव्हा एकाचा मोबाइल गेला. कुणी मला काही बोललं नाही. सगळे चांगलेच होते. फक्त रेक्टरनी खोल्या तपासायला सुरुवात केली ती माझ्यापासून. मोबाइल दुसऱ्या दिवशी त्याच्याच गादीखाली सापडला. 'माफ कर' वगैरे काही नाही, कारण कुणी आरोप केलाच नव्हता ना.

मोठं उदाहरण पाहिजे तर नाशिक जिल्ह्यातलं २००३ चं प्रकरण बघा. भटक्या जमातीच्या सहा जणांना खून आणि बलात्कारासाठी दोषी धरलं, २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. मार्च २०१९ ला त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदारानं पोलिसांच्या फोटोंतून सुरुवातीला दुसरीच माणसं ओळखली होती आणि ते दाबून ठेवलं होतं. सोळा वर्षं गेली. सरकारनं प्रत्येकी पाच लाख द्यावेत असा हुकूम झाला. तिथं ज्युरी नव्हती. शिकलेसवरलेले न्यायाधीश होते, तीन पायऱ्यांवर.

आता तुमच्या नाटकाचं. पोरगा पारधी दाखवू नका, असं मी म्हणत नाही. पण दाखवलात तर प्रेक्षक काय करेल सांगतो. पहिल्या पाच मिनिटांत त्याला कळेल की हे पारध्यांवरच्या अन्यायाचं नाटक आहे. मग तो लगेच चांगला माणूस होऊन बसेल. दहा नंबर बोलायला लागला की 'किती वाईट माणूस' म्हणेल. त्याच्या स्वतःच्या मनात काय आहे ते बाहेर यायची गरजच पडणार नाही. मुळात नाव सांगितलेलं नाही तेच बरं आहे. ज्याला जो दिसायचा तो दिसू दे.

तिसरी_घंटा

पालावरचा, हे माझ्या मताच्या बरोबर उलट आहे आणि मला पटतंय.

गंगावेशकर

मला पहिल्यापासून तो पोरगा शिरोलीच्या एमआयडीसीतला बिहारी कामगार दिसत होता. आता का दिसत होता ते मीच मला विचारतोय.

पांढरा_रस्सा

मला दिसला तो पुण्याचा.

काळा_कोट

पालावरचा यांनी ज्युरीवाल्यांना आणि न्यायाधीशवाल्यांना एका दमात गप्प केलं.

ज्युरीच्या बाजूनं फार भाबडं होऊ नये म्हणून टिळकांचा १९०८ चा खटला आठवा. नऊ जणांची ज्युरी, सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख 'केसरी'तले, म्हणजे मराठीत, आणि ज्युरीपुढं त्यांची भाषांतरं. ज्यांना मूळ वाचता येत नाही त्यांनी ठरवायचं की यातून राजद्रोह होतो का. सात विरुद्ध दोन. सहा वर्षं मंडाले. एकमताची अट तेव्हाही नव्हती, नाहीतर ते दोघं रात्रभर बसले असते.

रंकाळा_कट्टा

आता कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलंच आहे, १८ ऑगस्ट २०२५ पासून काम सुरू, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. पक्षकारांची मुंबई वारी वाचली. ज्युरीपण मागून घ्या, आंदोलनाची सवय आहेच आपल्याला.

काळा_कोट

बेंचसाठी किती वर्षं घासली ते आमच्या चपलांना विचारा. पुन्हा नको.

रंकाळा_कट्टा

प्रयोग कुठं करणार? केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्यापासून नाटक म्हटलं की पोटात कालवतं. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र, आम्ही रस्त्यावर उभे होतो, भोवती रडणारी माणसं. शाहू महाराजांनी १९१५ ला बांधलेलं.

निवृत्त_शिरस्तेदार

दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या विषयावर वेगळा धागा काढा, इथं मला लिहवणार नाही.

प्रॉम्प्टर

मूळ मुद्द्याकडं येऊ. तीन पर्याय दिसतात. लॉ कॉलेजातली अभिरूप ज्युरी दाखवायची, तर त्यात कुणाचा जीव टांगणीला नाही. पोरं हरली तर कॅन्टीनला जातील. १९५९ ची मुंबई दाखवायची, तर एकमत नाही. बासूदांसारखं रेटायचं, तर तुमच्या त्या वकील परीक्षकाची भीती. म्हणून मी म्हणतो, न्यूयॉर्कच ठेवा, पण न्यूयॉर्क दाखवू नका. नाटकात नावं नाहीतच, नंबर आहेत. टेबल, खुर्च्या, एक बंद पडलेला पंखा, उकाडा. भाषा साधी मराठी, कुठल्याच पेठेची नाही.

ल्युमेटनं सिनेमात कॅमेरा हळूहळू खाली आणत नेला आणि भिंगं अशी बदलली की खोली आवळत जाते. रंगमंचावर भिंग नाही, पण प्रकाशयोजना आहे. पहिल्या अंकात सगळा मंच उजळलेला, शेवटी फक्त टेबल.

आणि परवानगी. रोझ २००२ ला गेले, हक्क वारसांकडं आहेत. नुसतं 'मूळ कल्पना' लिहून भागत नाही. नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडं संहिता जाईल त्याच्या आधी हे उरका.

मेधा_क

प्रॉम्प्टरशी सहमत, पण पुढच्या वर्षासाठी नवीन संहिता लिहा ना. नऊ जण, बहुमत पुरतं, आठ जण सोडायच्या घाईत आणि एकटा माणूस, ज्याला माहीत आहे की आपण अडवू शकत नाही. तो बोलतो की गप्प बसतो? आणि बोलला तर बाहेर गर्दी आहे, ती नायकाच्या नावानं घोषणा देतेय. मला ते नाटक बघायला आवडेल.

शिवाजीपेठी

त्या नाटकातला एकटा मी करतो. दोषी म्हणणारा.

तिसरी_घंटा

शिवाजीपेठी, आधी यंदाचा तीन नंबर करा. शेवटपर्यंत 'दोषी'वर अडून बसणारा. इथं तालीम झालीच आहे तुमची.

मंडळी, ठरलं असं: नाव न घेतलेलं गाव, बारा नंबर, त्यातले पाच बायका. पोराबद्दल एक शब्द जास्त नाही. परवानगीचं पत्र या आठवड्यात पाठवतो, मिळाली तरच पुढं. पालावरचा, संहिता वाचनाला याल का? दहा नंबरच्या भाषणात कुठं नाटकी वाटतंय ते तुम्ही सांगावं असं वाटतं.

पालावरचा

येईन. दहा नंबरला ओरडायला लावू नका. ती माणसं ओरडत नाहीत.

शिवाजीपेठी

तीन नंबरला ओरडू द्या पण. नाहीतर मी येत नाही.

निवृत्त_शिरस्तेदार

ज्युरीच्या खोलीला बाहेरून कडी लावणारा बेलिफ असतो. दोनदा आत येतो, दोन वाक्यं आहेत. ती मी बोलतो. डगला माझा स्वतःचा आहे. तालमीला किती वाजता यायचं?